कणभर कोबाल्ट, चरवीभर दूध

मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा. या धानपट्ट्यात मळणी आटोपली की दारोदारी तणसाचे ढीग उभे राहतात आणि पुढे कितीतरी महिने गोठा त्याच तणसावर जगतो. वैरण म्हणून तणस फार कमकुवत. प्रथिनं नावापुरती, टणक सिलिका भरपूर, शिवाय कॅल्शियमला धरून ठेवणारं ऑक्झलेट. तरीही चंद्रपूर-गडचिरोलीची ठेंगणी कठाणी गाय हे तणस आणि जंगलातली चराई यांवर चिखलात राबणारे बैल देते, आणि थोडं का होईना, दूधही देते. तणसाचं दूध होतं तरी कसं?

तणसातला सेल्युलोज गाईला स्वतःला पचवताच येत नाही. ते काम तिच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव करतात. तिथल्या एका मिलीलिटर द्रवात सुमारे एक हजार कोटी जिवाणू असतात! ते चारा आंबवून आम्लं तयार करतात. त्यांतलं प्रोपिऑनिक आम्ल यकृतात जातं आणि त्याचं ग्लुकोज होतं. कासेत त्या ग्लुकोजपासून दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज बनतं. लॅक्टोज आपल्याबरोबर पाणी ओढून घेतं, म्हणून लॅक्टोज जितकं तयार होईल तितकं दूध उतरतं.

आता खरी नवलाची गोष्ट. प्रोपिऑनिक आम्लाचं ग्लुकोज होताना वाटेत एक पायरी अशी येते, की जीवनसत्त्व बी-१२ नसेल तर गाडी तिथेच अडते. बी-१२ च्या प्रत्येक रेणूच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू बसलेला असतो. हे जीवनसत्त्व ना झाड बनवतं, ना गाय. ते फक्त सूक्ष्मजीवांना जमतं, आणि त्यासाठी त्यांना चाऱ्यातून कोबाल्ट मिळावं लागतं. किती? एक किलो कोरड्या चाऱ्यामागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम. लहान चणीच्या गाईला दिवसाला मिलिग्रॅमभर पुरतं. वाळूचा एखादा जाडसर कणही त्याहून जड भरेल. तेवढं मिळालं नाही तर भूक मंदावते, जनावर खंगतं, दूध आटतं.

हे कळलं ते ऑस्ट्रेलियात. तिथे काही भागांत हिरव्यागार कुरणातच गुरं-मेंढ्या झिजून मरत. लोहखनिज खाऊ घातलं की सुधारत, म्हणून दोष लोहाच्या कमतरतेला दिला जाई. मग संशोधकांनी त्या खनिजातलं लोह काढून टाकलं, तरीही जनावरं सुधारली! गुण लोहाचा नव्हताच. १९३५ मध्ये कोबाल्टचं नाव पुढे आलं. बी-१२ वेगळं काढता आलं ते थेट १९४८ मध्ये.

बाकीच्या सूक्ष्म खनिजांच्या कथाही अशाच. जस्त कातडी, खूर आणि सडांची राखण करतं. पण पाणी साचलेल्या धानाच्या बांधीत ते मातीतच अडकून पडतं. तांबं चाऱ्यात असूनही पोटात गंधक आणि मॉलिब्डेनम त्याला जखडतात, मग ते शेणावाटे निघून जातं. सेलेनियम कमी पडलं तर व्याल्यावर वार अडकण्याचा धोका वाढतो.

म्हणूनच खनिज मिश्रणाचं मोल मोठं आहे, आणि त्याची मर्यादाही तितकीच खरी. उणीव असेल तिथे भूक, माज आणि दूध सुधारतं. उणीव नसेल तिथे जास्तीचं बरंचसं वाया जातं. तांबं आणि सेलेनियम तर प्रमाणाबाहेर गेली की विषच. शिवाय जिवाणूंना नत्रही लागतं. ढेप किंवा हिरवा चारा न देता नुसत्या तणसावर भुकटी टाकून भागत नाही. मिश्रण पशुवैद्यकांना विचारून, ठरल्या मापानं, रोज ढेपेत किंवा कोंड्यात कालवून द्यावं. आणि आपल्या धानपट्ट्यातल्या माती-चाऱ्याची तपासणी करून, इथे जे कमी पडतं तेच भरून काढणारं मिश्रण इथल्या गोठ्यांना मिळायला हवं. तणसावर जगणाऱ्या गाईचा तेवढा हक्क आहे.