डॅशबोर्डमधील टॅबलेट माउंट

डॅशबोर्डमधील टॅबलेट माउंट म्हणजे मोटारगाडीच्या डॅशबोर्डमध्ये टॅबलेट संगणक घट्ट बसावा यासाठी त्या विशिष्ट गाडीच्या मापाने तयार केलेली बैठक होय. काचेला चिकटणारे किंवा वातानुकूलनाच्या झडपेत अडकवायचे तयार होल्डर कोणत्याही गाडीत चालतात. माउंट मात्र एका गाडीच्या डॅशबोर्डचा आकार पाहून बनवले जाते, आतील धातूच्या चौकटीला स्क्रूने जोडले जाते आणि त्याला वीजपुरवठाही आतूनच दिला जातो. नकाशा पाहणे, संगीत ऐकणे, मागील कॅमेऱ्याचे चित्र पाहणे तसेच पोलीस, रुग्णवाहिका व मालवाहतूक सेवांमधील संदेश मिळवणे हे त्याचे मुख्य उपयोग आहेत. माउंटची रचना ठरवताना चालकाची नजर, एअरबॅगचा मार्ग आणि बंद गाडीतील उष्णता या तीन गोष्टी निर्णायक ठरतात. विदर्भातील चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत उष्णतेचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी

मोटारीतील रेडिओ बसवण्याच्या खाचेचे माप आयएसओ ७७३६ या मानकाने ठरलेले आहे. एकेरी खाचेचा दर्शनी भाग सुमारे १८० × ५० मिलिमीटर, तर दुहेरी खाचेचा सुमारे १८० × १०० मिलिमीटर असतो. मूळ रेडिओ काढून दुसरा बसवणे या प्रमाणित मापामुळेच सोपे झाले.

२०१० मध्ये ॲपलचा आयपॅड बाजारात आला आणि त्याच वर्षी अमेरिकेत तो डॅशबोर्डमध्ये बसवण्याचे प्रयोग सुरू झाले. मूळ आयपॅडचा ९.७ इंची पडदा बहुतेक गाड्यांच्या मधल्या पट्टीपेक्षा मोठा होता. २०१२ मध्ये आलेल्या गूगल नेक्सस ७ (१९८.५ × १२० मिलिमीटर) आणि आयपॅड मिनी (२०० × १३४.७ मिलिमीटर) या लहान टॅबलेटांमुळे ही अडचण बरीच कमी झाली. ते दुहेरी खाचेपेक्षा किंचितच मोठे असल्याने खाचेभोवतीची चौकट थोडी रुंदावून बसवता येत. टेस्ला कंपनीच्या मॉडेल एस या मोटारीत २०१२ मध्ये १७ इंची स्पर्शपडदा देण्यात आला, त्यामुळे मोठ्या पडद्याची कल्पना रूढ झाली. पुढे ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो या प्रणालींनी फोनवरील नकाशा व संगीत गाडीच्या मूळ पडद्यावर आणले. परिणामी नव्या मोटारींत स्वतंत्र टॅबलेटची गरज कमी झाली. जुन्या गाड्या, जीप, मालवाहू वाहने आणि सेवावाहने यांत मात्र ती कायम आहे.

प्रकार

माउंटचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

• आधारपट्टी माउंट – डॅशबोर्डचे किंवा आसनाचे मूळ स्क्रू वापरून धातूची पट्टी बसवतात आणि तिच्यावर गोलक-सांध्याच्या आखूड दांड्याने टॅबलेटची चौकट जोडतात. डॅशबोर्ड कापावा लागत नाही. सेवावाहनांत हा प्रकार अधिक आढळतो.

• खाचेतील माउंट – रेडिओ काढून त्याच्या खाचेत टॅबलेटची चौकट बसवतात. टॅबलेट डॅशबोर्डच्या पृष्ठभागाशी सपाट राहतो, परंतु त्याच्या मागे हवा खेळण्यास कमी जागा उरते.

• सरकते किंवा सुटे माउंट – चौकट कायमची, पण टॅबलेट कळ दाबून किंवा सरकवून काढता येतो. गाडी उभी करताना टॅबलेट सोबत नेता येत असल्याने उष्णता व चोरी या दोन्हींपासून संरक्षण मिळते.

जागेची निवड

पडदा जितका खाली तितकी चालकाची नजर रस्त्यापासून अधिक वेळ दूर राहते. पडद्याचा मध्य चालकाच्या सरळ दृष्टिरेषेपासून ३० अंशांपेक्षा फार खाली नसावा, असा संकेत वाहन-पडद्यांच्या आराखड्यात पाळला जातो. पडदा काचेसमोर इतका वरही नसावा की रस्ता झाकला जाईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पडद्याकडे एका वेळी टाकलेली नजर २ सेकंदांपेक्षा जास्त असू नये आणि एका कामासाठी लागणारा एकूण वेळ १२ सेकंदांच्या आत असावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी २ सेकंदांत सुमारे ३३ मीटर अंतर कापते.

दुसरी अट एअरबॅगची आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींत चालकासाठी एअरबॅग अनिवार्य झाली. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांत चालकाशेजारील आसनासाठीही ती अनिवार्य करण्यात आली. अपघातात एअरबॅग सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते. तिच्या मार्गात आलेली चौकट किंवा टॅबलेट प्रवाशाच्या चेहऱ्याकडे फेकला जाऊ शकतो. त्यामुळे डॅशबोर्डवरील एअरबॅगचे झाकण, सुकाणूचा मध्य आणि त्यांच्यासमोरील जागा पूर्णपणे मोकळी ठेवावी लागते.

तिसरी अट मजबुतीची. समोरासमोरच्या टकरीत गाडीची मंदगती गुरुत्वाकर्षणाच्या ३० पट झाली, तर अर्धा किलोचा टॅबलेट सुमारे १५ किलो वजनाइतक्या बळाने पुढे खेचला जातो. हे बळ प्लॅस्टिकच्या पातळ झाकणाला पेलत नाही. म्हणून माउंट आतील धातूच्या चौकटीला जोडणे आवश्यक असते. चौकटीच्या कडाही गोलाकार असाव्या लागतात. वाहनांच्या अंतर्गत रचनेविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमन क्रमांक २१ मध्ये डोके आदळू शकेल अशा भागातील कडांची त्रिज्या किमान २.५ मिलिमीटर असावी, अशी तरतूद आहे.

बांधणी

प्रथम गाडीच्या बॅटरीचे ऋण टोक सोडवून डॅशबोर्डची मधली पट्टी काढतात. आतील तारा, वातानुकूलनाच्या नळ्या आणि चौकटीचे स्क्रू यांची नोंद घेतली जाते. त्यानंतर पुठ्ठ्याचा साचा कापून तो टॅबलेटच्या व खाचेच्या मापाशी जुळवतात. साचा जागेवर ठेवून गिअरचा दांडा, हातब्रेक आणि वातानुकूलनाच्या कळा यांना अडथळा होत नाही ना, हे तपासतात.

साचा पक्का झाल्यावर चौकट तयार केली जाते. एमडीएफ किंवा ॲक्रिलोनायट्राइल ब्युटाडाईन स्टायरीन (एबीएस) प्लॅस्टिकचा पत्रा कापून सांगाडा बनवणे, त्यावर काचतंतूचे कापड व रेझिन चढवणे, पुट्टी भरून पॉलिश कागदाने घासणे आणि शेवटी रंग देणे, ही जुनी पद्धत आहे. अलीकडे त्रिमितीय छपाईने संपूर्ण चौकट एकसंध तयार करता येते. टॅबलेटच्या मागे काही मिलिमीटर मोकळी जागा आणि वर-खाली झरोके ठेवल्यास आतील उष्णता बाहेर पडते. कळा, चार्जिंगचे छिद्र व ध्वनिवर्धक यांच्या जागा मोकळ्या ठेवाव्या लागतात.

कच्च्या रस्त्यावर लांब दांड्याच्या टोकावरील टॅबलेट अधिक हलतो. त्यामुळे दांडा शक्य तितका आखूड ठेवतात. नट सैल होऊ नयेत म्हणून स्प्रिंग वॉशर किंवा नायलॉनचे नट आणि चौकटीत रबराचे अस्तर वापरतात.

साहित्य आणि उष्णता

उन्हात उभ्या असलेल्या गाडीत डॅशबोर्ड हाच सर्वांत तापणारा भाग असतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कडक उन्हाळ्याच्या दिवसांत उन्हातील गाड्यांच्या डॅशबोर्डचे तापमान तासाभरात सरासरी ६९ अंश सेल्सियसपर्यंत पोहोचले. सावलीतील गाड्यांतही ते सुमारे ४८ अंश होते.

या आकड्यांशी साहित्याचे गुणधर्म ताडून पाहावे लागतात. त्रिमितीय छपाईत सर्वाधिक वापरले जाणारे पॉलिलॅक्टिक आम्ल (पीएलए) ५५ ते ६० अंशांना मऊ पडू लागते. त्याची चौकट उन्हात वाकते. पीईटीजी सुमारे ८० अंशांपर्यंत, तर एबीएस आणि एएसए सुमारे १०० अंशांपर्यंत आकार टिकवतात. एएसए सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनाही चांगले तोंड देते. साध्या प्रतीचे निओडायमियम चुंबक सुमारे ८० अंशांच्या पुढे आपली शक्ती कायमची गमावू लागतात. काचेला चिकटणारी रबरी वाटी व दुहेरी चिकटपट्टीही उष्णतेने सुटते.

चौकट टिकली तरी टॅबलेट टिकेलच असे नाही. आयपॅडसाठी उत्पादकाने वापराचे तापमान ० ते ३५ अंश आणि बंद स्थितीत ठेवण्याचे तापमान उणे २० ते ४५ अंश असे दिले आहे. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज केल्यास तिचे आयुष्य घटते. ती फुगून पडदा उचलला जाण्याचाही संभव असतो. म्हणून उष्ण प्रदेशात टॅबलेट काढता येणे ही केवळ सोय न राहता माउंटची आवश्यक अट ठरते.

वीजपुरवठा

मोटारींची विद्युतप्रणाली १२ व्होल्टची म्हणवली जात असली तरी इंजिन चालू असताना दाब सुमारे १४ व्होल्टपर्यंत जातो. ट्रक व बसमध्ये २४ व्होल्टची प्रणाली असते, त्यामुळे रूपांतरक त्या दाबाला चालणारा असावा लागतो. टॅबलेटला साधारण १० ते २० वॉट शक्ती लागते. जोडणी किल्ली फिरवल्यावरच सुरू होणाऱ्या परिपथावरून घेतल्यास गाडी उभी असताना बॅटरी उतरत नाही. प्रत्येक जोडणीला स्वतंत्र फ्यूज असावा आणि तो वीज घेतलेल्या टोकाजवळ बसवावा. मूळ तार सोलून पीळ देऊन केलेला जोड कंपनाने सैल होतो, तापतो आणि त्यातून आग लागू शकते. एअरबॅगच्या तारांना, ज्यांवर बहुधा पिवळे आवरण असते, कोणत्याही कारणाने हात लावू नये.

चंद्रपूर-गडचिरोली परिसरातील वापर

चंद्रपूर शहरात मे महिन्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाणे नित्याचे आहे. बाहेरची हवाच टॅबलेटच्या मर्यादेपलीकडे असते, तेव्हा बंद गाडीतील स्थिती त्याहून कठीण होते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात पर्यटकांना सफारी उघड्या जिप्सीतून घडते. त्यांच्या स्वतःच्या गाड्या तेवढा वेळ प्रवेशद्वाराबाहेर उभ्या राहतात. उन्हाळा हा वाघ पाणवठ्यावर दिसण्याचा, म्हणून गर्दीचाही काळ असतो. अशा उभ्या गाडीत कायमचा बसवलेला टॅबलेट राहिल्यास त्याची हानी होण्याचा धोका मोठा असतो.

जंगलातील अनेक रस्त्यांवर मोबाइलचे जाळे खंडित होते. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीला मोबाइलच्या जाळ्याची गरज नसते, मात्र नकाशा आधीच टॅबलेटमध्ये उतरवून घ्यावा लागतो. केवळ वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये उपग्रह-ग्राहक नसतो, तो सिमकार्ड चालणाऱ्या प्रकारातच असतो. हा फरक टॅबलेट विकत घेतानाच पाहावा लागतो. चंद्रपूर-मूल आणि चंद्रपूर-मोहर्ली यांसारख्या वनक्षेत्रातून जाणाऱ्या रस्त्यांवर वन्यप्राणी अचानक आडवे येतात. तेथे रात्री पडद्याची प्रखरता कमी ठेवणे आणि नजर रस्त्यावर राहील अशी बैठक करणे याला विशेष अर्थ आहे. कोळसा खाणींच्या परिसरातील बारीक धूळ चार्जिंगच्या छिद्रात साचते, त्यामुळे झाकण असलेली जोडणी उपयुक्त ठरते.

सेवावाहनांतील वापराचे ठळक उदाहरण म्हणजे महाराष्ट्र पोलिसांची ११२ क्रमांकाची आपत्कालीन प्रतिसाद यंत्रणा. ती २०२१ मध्ये राज्यात कार्यान्वित झाली. नवी मुंबई व नागपूर येथील केंद्रांत आलेला कॉल संबंधित जिल्ह्याकडे जातो आणि जवळच्या पोलीस वाहनातील मोबाइल डेटा टर्मिनलवर घटनेची माहिती व स्थान दिसते. टॅबलेटसारखे हे उपकरण वाहनात स्थिर राहिले आणि एका नजरेत वाचता आले, तरच मदत वेळेत पोहोचण्यास त्याचा उपयोग होतो.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ मध्ये अधिनियमाने परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. डॅशबोर्डवर जोडलेली काढता येणारी बैठक नोंदणीतील तपशील बदलत नाही. एअरबॅग, सुकाणू किंवा वाहनाच्या सांगाड्यात फेरफार करणे मात्र वेगळ्या स्वरूपाचे ठरते.

वाहन चालवताना हातात धरावयाच्या संपर्कसाधनाचा वापर कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालनात गणला जातो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांतील दुरुस्तीनुसार अशा साधनाचा वापर केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच करता येतो. चालू गाडीत चालकासमोर चित्रफीत लावणे या सवलतीत बसत नाही.

मर्यादा

टॅबलेटची मॉडेले दोन-तीन वर्षांत बदलतात, गाडी मात्र दहा-पंधरा वर्षे चालते. एका टॅबलेटच्या मापाने कापलेला डॅशबोर्ड पुढील टॅबलेटला उपयोगी पडत नाही आणि पूर्ववतही करता येत नाही. म्हणून मूळ पट्टी न कापता जपून ठेवणे व तिच्या जागी बदलता येणारी वेगळी पट्टी तयार करणे अधिक सोयीचे मानले जाते. वीजजोडणीतील फेरफारामुळे वाहनाच्या हमीवर व विमादाव्यावरही परिणाम होऊ शकतो.

हे सुद्धा पहा

• डॅशबोर्ड
• एअरबॅग
• उपग्रहाधारित स्थाननिश्चिती
• त्रिमितीय छपाई
• ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प