घर की शाळा? पालकांतील मतभेद आणि कायदा

हिफ्जसाठी मुलाला दोन-तीन वर्षे शाळेतून काढावे, असे वडिलांना वाटते. दहावी हातची जाईल, अशी आईला धास्ती असते. काही घरांत हाच वाद घरी शिकवण्यावरून होतो. हित दोघांनाही हवे असते, म्हणूनच वाद चिघळतो.

शिक्षण हक्क कायदा, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ६ ते १४ वयाच्या पाल्याला शाळेत घालणे हे कलम १० नुसार पालकांचे कर्तव्य आहे. मात्र ते न पाळल्यास त्यांना शिक्षेची तरतूद नाही. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे व वेदपाठशाळा या कायद्यातून वगळल्या गेल्या. शाळा सुटलेल्या मुलाला कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावी देता येते.

म्हणून घर की शाळा, यापेक्षा परतीची वाट कोणती, हा प्रश्न मोलाचा ठरतो. सल्ला मागितल्यास शिक्षकांनी बाजू घेऊ नये. गणित व भाषा कोण शिकवणार, परीक्षा कोणत्या वर्षी, हे आई-वडिलांकडून एकत्र ठरवून घ्यावे. मुलाचे म्हणणेही ऐकावे.