हवा किती? दाराला विचारा!

स्पोर्टी गाडी, लो-प्रोफाइल टायर आणि वीकएंडला बारामती-इंदापूरचा हायवे. मजा शंभर टक्के. पण चाकातल्या हवेचं काय?

‘किती मारू?’ पंपावरचा हवावाला विचारतो आणि आपण मोबाइलवरून नजर न काढता सांगतो, ‘पस्तीस.’ पस्तीसच का? तर मित्र सांगतो म्हणून! अलॉय, स्पॉइलर आणि म्युझिक सिस्टीमवर पगार उधळणारी आपली पिढी पंपावर फुकट मिळणाऱ्या हवेबाबत मात्र अगदीच बेफिकीर असते. खरं तर गाडी रस्त्याला चिकटते ती फक्त तळहाताएवढ्या चार ठिपक्यांवर. त्या ठिपक्यांचा आकार ठरवते ती हवाच.

माझा ठरलेला रूट म्हणजे पुणे-पाटस-बारामती-इंदापूर आणि परत येताना सोलापूर हायवेने भिगवण. तुकोबांच्या या पालखी मार्गाच्या रुंदीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१मध्ये झाली आणि आता बऱ्याच अंतरात तो चौपदरी आहे. साहजिकच पाय ॲक्सिलरेटरवर जड होतो. टायरची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही.

उत्तर दारावर आहे

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत एक स्टिकर असतो. पुढच्या चाकांना किती, मागच्यांना किती, दोघं बसलेले असताना किती आणि गाडी फुल असताना किती, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. बहुतेक हॅचबॅकचा आकडा ३० ते ३६ पीएसआयच्या आसपास असतो. काही स्टिकर ‘बार’मध्ये असतात, १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय.

टायरच्या अंगावर कोरलेला ४४ किंवा ५१ हा आकडा मात्र वेगळा. ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीसाठीचा सल्ला नव्हे!

आणि मोजायचं ते टायर थंड असताना. म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा जेमतेम एक-दोन किलोमीटर चाललेली असावी. पुण्याहून निघून पाटसला चहा घेताना मोजलंत, तर आकडा तीन-चार पीएसआय जास्तच दिसणार. टायर तापला की आतलं प्रेशर वाढतं, आणि कंपनीने ते आधीच हिशेबात धरलेलं असतं.

उन्हाळा आहे, हवा कमी ठेवा?

मे महिन्यात इंदापूरकडे चाळीस अंशांचं ऊन असतं. तेव्हा हमखास सल्ला मिळतो, ‘साहेब, दोन-चार पॉइंट कमी ठेवा, टायर फुटेल.’ सल्ला प्रेमाचा, पण थेट उलटा!

हवा कमी असली की टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. तार वाकवत राहिलं की ती गरम होते ना, अगदी तसंच. वेग शंभरचा, गाडीत पाच जण आणि खाली तापलेला रस्ता. आतल्या थरांची पकड सुटते आणि टायर फुटतो. तापून वाढलेले चार पीएसआय चांगला टायर सहज पेलतो. कमी हवेची उष्णता नाही पेलत.

२००० साली अमेरिकेत फोर्ड एक्स्प्लोररच्या फायरस्टोन टायरचं प्रकरण गाजलं, ते आठवा. टायरचा वरचा थर सुटून अपघात होत होते. मृतांचा आकडा दोनशेच्या वर गेला. टायरमधल्या दोषाबरोबरच वाद पेटला तो हवेवरून. फोर्डचा सल्ला २६चा, तर फायरस्टोनचं म्हणणं ३० हवं. त्यानंतर कायदा झाला आणि २००७पासून तिथल्या नव्या गाड्यांमध्ये हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली.

ऋतू बदलला की मात्र पुन्हा मोजा. तापमान साडेपाच अंशांनी बदललं की साधारण एक पीएसआयचा फरक पडतो. मे महिन्यात ३३ भरून विसरलात, तर जानेवारीच्या गारठ्यात तोच टायर २८-२९वर आलेला असतो.

स्पोर्टी गाडीचं गणित

समजा, १८५/६५ आर१५ काढून तुम्ही १९५/५५ आर१६ टाकले. चाकाची उंची जवळपास तीच, पण साइडवॉल १२० मिलिमीटरवरून १०७वर आली. वळणावर गाडी मस्त चिकटते, पण खड्ड्याचा दणका झेलायला रबर उरलं कमी. म्हणून कमी हवा इथे जास्त महागात पडते.

ऊस गाळपाच्या मोसमात भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या वाटेवर हे नीट कळतं. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि त्यांना चुकवताना साइडपट्टीवर उतरणारी आपली गाडी. मऊ टायर त्या कडेवर दबतो, रिम आपटते आणि साइडवॉलला फुगा येतो. फुगा आला की टायर बदलायचाच. त्यावर इलाज नाही.

मग जास्त भरायची का? स्टिकरपेक्षा एक-दोन पीएसआय जास्त असले, तर स्टिअरिंग चटपटीत वाटतं. त्यापुढे गेलात तर टायर मधोमध फुगतो, तिथेच झिजतो आणि पावसात ब्रेक लागायला उशीर होतो. हिवाळ्यात कुंभारगावला फ्लेमिंगो बघायला पाच जण कॅमेऱ्यांसकट निघाला असाल, तर स्टिकरवरचा ‘फुल लोड’चा आकडा वापरा. तो त्यासाठीच असतो.

नायट्रोजन? साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरा हवं तर, पण मोजणं टळत नाही.

निघण्यापूर्वी

• डिकीत स्वतःचा प्रेशर गेज ठेवा. पंपावरच्या मीटरचा भरवसा नाही.
• महिन्यातून दोनदा आणि प्रत्येक लाँग ड्राइव्हआधी सकाळी, टायर थंड असताना मोजा.
• तापलेल्या टायरमधली हवा कधीही सोडू नका.
• टायरची साइज बदलताना लोड इंडेक्स मूळ टायरइतका किंवा जास्तच हवा.
• स्टेपनीही मोजा. ती नेमकी हवी असते तेव्हाच बसलेली सापडते!