टसर (शब्द)

टसर हे वन्य रेशीमकिड्यांच्या कोशांपासून मिळणाऱ्या रेशमाचे व त्यापासून विणलेल्या कापडाचे नाव आहे. इंग्रजीत हा शब्द टसर, टसोर, टसा अशा अनेक रूपांत आढळतो. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा परिसरासह पूर्व विदर्भात याच रेशमाला कोसा म्हणतात. वस्तू एकच असली तरी ही दोन नावे भिन्न मुळांतून आली आहेत.

व्युत्पत्ती

टसर या शब्दाचा संबंध सामान्यतः संस्कृत ‘तसर’ या शब्दाशी जोडला जातो. त्याचा मूळ अर्थ विणकराचा धोटा, म्हणजे ताण्यातून बाण्याचे सूत नेणारे साधन, असा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १३० व्या सूक्तात यज्ञाला विणकामाची उपमा दिली असून तेथे हा शब्द याच अर्थाने येतो. साधनाचे नाव रेशमाला कसे मिळाले, याचे एक स्पष्टीकरण असे की, दोन्ही टोकांना निमुळता होणारा कोश धोट्यासारखा दिसतो.

कोसा हा शब्द संस्कृत ‘कोश’ यापासून आला आहे. कोश म्हणजे आवरण, म्यान, भांडार. शब्दसंग्रहालाही कोश म्हणतात. पाणिनीने (४.३.४२) कोशापासून झालेले ते ‘कौशेय’, अशी रेशीमवाचक शब्दाची सिद्धी दिली आहे. रसेल व हिरालाल यांनी १९१६ मधील ग्रंथात कोष्टी या विणकर जातीचे नावही कोसा या शब्दापासून आल्याचे म्हटले आहे. अशा रीतीने एक नाव मागावरून आले, तर दुसरे झाडावरच्या कोशावरून.

युरोपीय नोंदी

सोळाव्या शतकातील युरोपीय प्रवाशांना हे रेशीम किड्याचे आहे याची कल्पना नव्हती. व्हेनिसचा व्यापारी चेझारे फेदेरिची याने ओडिशातील अशा कापडाला ‘वनस्पतीचे कापड’ म्हटले आणि ते रानात मनुष्याच्या श्रमांवाचून उगवते, असे लिहिले. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत, सुमारे १५९० मध्ये, टसर कापडाच्या दरांची नोंद आहे. विल्यम रॉक्सबर्ग यांनी १८०२ मध्ये या किड्याचे शास्त्रीय वर्णन सादर केले. पुढे टॉमस वॉर्डल यांनी टसर रंगविण्याच्या पद्धती विकसित केल्या, व १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनानंतर युरोपात या कापडाची मागणी वाढली.

इंग्रजीतील अर्थ

मूळ अर्थ भारतीय वन्य रेशीम (अँथेरिया मायलिटा या पतंगाचे) असा होता. नंतर ओकच्या पानांवर वाढणाऱ्या चिनी किड्याचे (अँथेरिया पर्नी) रेशीमही याच नावाने विकले जाऊ लागले. पुढे या नावाने किडा, सूत, कापड आणि त्याचा फिकट तपकिरी रंग यांचाही निर्देश होऊ लागला. इंग्रजीतील ‘टसॉक’ पतंगाशी मात्र या शब्दाचा संबंध नाही. तेथे ‘टसॉक’ म्हणजे केसांचा झुबका.

पूर्व विदर्भातील कोसा

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत ऐन व अर्जुन या झाडांवर हे किडे वाढवितात. ढिवर समाजातील कुटुंबे हा व्यवसाय पिढ्यानपिढ्या करीत आली आहेत. तुतीच्या रेशीमकिड्याप्रमाणे हा किडा घरात वाढत नाही. उघड्या झाडावर पक्षी, मुंग्या व पाऊस यांपासून त्याची राखण करावी लागते. म्हणून ‘श्रमांवाचून उगवणारे कापड’ हा फेदेरिचीचा समज सर्वाधिक चुकीचा ठरतो तो येथेच.

कोश टणक असल्याने तो क्षारयुक्त पाण्यात उकळून मऊ केल्यावरच धागा निघतो. तिरोड्याच्या पश्चिमेस, भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, आंधळगाव हे गाव कोशाच्या विणकामासाठी प्रसिद्ध आहे. करवतीच्या दात्यांसारखे काठ असलेली ‘करवत काठी’ साडी हे विदर्भाचे वैशिष्ट्य होय. काठांचे व अंगाचे रंग वेगळे राखण्यासाठी ती तीन धोट्यांनी विणतात. म्हणजे ज्या साधनावरून टसर हे नाव आले असे मानतात, ते तिच्या विणीत आजही केंद्रस्थानी आहे. या साडीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

नावातील संदिग्धता

बाजारात केवळ टसरसारखे दिसणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या कापडालाही टसर म्हणतात. त्यामुळे नाव एकच राहून किंमत घसरते आणि त्याचा तोटा कोश पाळणाऱ्यास व विणकरास होतो. खरे रेशीम जाळल्यास जळलेल्या केसांसारखा वास येतो व राख बोटांनी चुरडता येते. केंद्रीय रेशीम मंडळाचे ‘सिल्क मार्क’ हे चिन्ह रेशीम शुद्ध असल्याची हमी देते. मात्र ते कोणत्या प्रदेशाचे आहे, हे त्यावरून कळत नाही. ते सांगण्यासाठी कोसा हे प्रादेशिक नाव आणि त्यासोबत गावाचा निर्देश अधिक उपयुक्त ठरतो.