शिशूंच्या खुणा व वाचाविकास

बोलू न लागलेल्या, सामान्यतः सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या बालकास हाताच्या ठराविक खुणा हेतुपुरस्सर शिकवून त्यांच्या द्वारे आपल्या गरजा व अनुभव व्यक्त करण्यास उद्युक्त करणे, यास शिशूंचे खूणशिक्षण म्हणतात. ही पद्धती विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत प्रथम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व नंतर इतर देशांतील सुशिक्षित पालकवर्गात रूढ झाली. तिच्याविषयी दोन परस्परविरोधी मते आढळतात. खुणांची सवय लागलेले मूल बोलण्याचा आळस करते, हे एक मत. तर खुणा शिकलेले मूल लवकर बोलते व अधिक बुद्धिमान होते, हे दुसरे. उपलब्ध संशोधन यांपैकी कोणत्याच मतास पुष्टी देत नाही. या प्रश्नाचे खरे गांभीर्य श्रवणक्षम बालकांपेक्षा जन्मतः कर्णबधिर असलेल्या बालकांच्या बाबतीत आहे.

खूण व सांकेतिक भाषा : सुटी खूण आणि सांकेतिक भाषा यांत मूलभूत भेद आहे. ‘दूध’, ‘आणखी’, ‘संपले’ अशा पाचपंचवीस अर्थांसाठी ठरविलेल्या हालचाली म्हणजे केवळ शब्दसंग्रह होय; त्यांना व्याकरण नसते. याउलट कर्णबधिरांच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या विकसित झालेल्या सांकेतिक भाषांना स्वतःचे व्याकरण असते व त्यांत कोणताही विचार मांडता येतो. अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेचे विश्लेषण करून दाखविले, की तिच्यातील प्रत्येक खूण हाताचा आकार, हाताचे स्थान व हालचाल या घटकांची बनलेली असते आणि बोललेल्या शब्दातील ध्वनींप्रमाणेच हे घटक अर्थभेद घडवून आणतात. सांकेतिक भाषा ही जगभर एकच असते, हा समजही चुकीचा आहे. देशोदेशींच्या सांकेतिक भाषा भिन्न आहेत. श्रवणक्षम मुलास शिकविल्या जाणाऱ्या खुणा बहुधा अशा एखाद्या भाषेतून घेतलेल्या किंवा घरच्या घरी बनविलेल्या असतात. एवढ्याने त्या मुलास सांकेतिक भाषा येऊ लागली, असे म्हणता येत नाही.

नैसर्गिक हावभाव : कोणी मुद्दाम शिकविले नाही, तरी प्रत्येक बालक बोलण्यापूर्वी हातवारे करू लागते. सु. ९ ते १२ महिन्यांच्या वयात ते हवी असलेली वस्तू बोटाने दाखविते, हात वर करून कडेवर घेण्यास सुचविते व मान हलवून नकार देते. मराठी घरांत देवापुढे हात जोडून ‘जय’ करणे, निघालेल्या पाहुण्यास ‘टाटा’ करणे, चिमणी उडाली हे हात उडवून दाखविणे, अशा खुणा आजीआजोबा सहजपणे शिकवीत आले आहेत. अशा हावभावांत बोटाने दाखविण्यास विशेष महत्त्व आहे. ‘ते पाहा’ असे दुसऱ्यास सुचविताना आपले लक्ष व दुसऱ्याचे लक्ष एकाच वस्तूवर आणता येते, हे बालकास उमगलेले असते. आणि हाच भाषेचा पाया होय.

जना आयव्हर्सन व सुझन गोल्डिन-मेडो यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० बालकांचे वयाच्या १० ते २४ महिन्यांच्या काळात निरीक्षण केले. बालक ज्या वस्तू प्रथम हावभावाने दर्शवी, त्यांपैकी अनेकींची नावे पुढे त्याच्या बोलण्यात आली. तसेच एका वस्तूकडे बोट दाखवून तिच्याविषयीचा वेगळा शब्द उच्चारणारी बालके दोन शब्द जोडण्याच्या अवस्थेपर्यंत लवकर पोहोचली. मेरेडिथ रो व गोल्डिन-मेडो यांच्या २००९ मधील अभ्यासात ५० कुटुंबांतील १४ महिन्यांच्या बालकांच्या हावभावांतील वैविध्य व त्यांचा ५४ महिन्यांच्या वयातील शब्दसंग्रह यांत संबंध आढळला. तेव्हा हावभाव हे वाचेचे प्रतिस्पर्धी नसून पूर्वगामी आहेत, हे स्पष्ट होते. मात्र आपोआप उमटणारे हावभाव पुढील भाषाविकासाचे सूचक आहेत, यावरून जादा खुणा शिकविल्यास भाषाविकास जलद होईल, असे सिद्ध होत नाही. अंगणात लवकर पडणारा प्रकाश सूर्योदयाचा सूचक असतो. पण अंगणात दिवा लावल्याने सूर्य लवकर उगवत नाही.

खूण आधी की शब्द आधी : उच्चारासाठी जीभ, ओठ, टाळू, स्वरयंत्र व श्वास यांचा सूक्ष्म मेळ साधावा लागतो, हाताच्या ढोबळ हालचालींवरील ताबा त्यामानाने लवकर येतो. शिवाय मुलाचा हात धरून खूण करवून घेता येते, जीभ धरून शब्द उच्चारून घेता येत नाही. जॉन बॉनव्हिलियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्णबधिर आईबापांच्या ११ मुलांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पहिली ओळखू येणारी खूण सरासरीने साडेआठ महिन्यांच्या वयात आढळली. बोललेला पहिला शब्द बहुधा वर्षाच्या सुमारास येत असल्याने या निष्कर्षाने मोठे कुतूहल निर्माण झाले. परंतु वस्तूचे नाव म्हणून जाणीवपूर्वक केलेल्या खुणाच मोजल्या, तर हे अंतर जवळजवळ नाहीसे होते, असे नंतरच्या विश्लेषणातून दिसून आले. लॉरा-ॲन पेटिटो व पॉला मॅरेंटेट यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले, की सांकेतिक भाषेच्या सान्निध्यात वाढणारी कर्णबधिर शिशू हातांनीही ‘बडबडतात’; श्रवणक्षम मुले ‘बा-बा’, ‘दा-दा’ अशी अक्षरे घोळवितात, त्याचप्रमाणे ती खुणांचे निरर्थक अवयव पुन्हापुन्हा घोळवितात. यावरून भाषा संपादन करण्याची मेंदूची क्षमता कान व जीभ यांच्याशीच बांधलेली नाही, हे सूचित होते.

पद्धतीचा उगम व प्रसार : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (डेव्हिस) मानसशास्त्रज्ञ लिंडा ॲक्रेडोलो यांना आपली लहान मुलगी स्वतःच खुणा तयार करून वापरीत असल्याचे आढळून आले, फूल दर्शविण्यासाठी ती नाकाने हुंगल्यासारखे करीत असे. सुझन गुडविन यांच्या सहकार्याने त्यांनी या निरीक्षणाचा वृत्तांत १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. १९९६ मध्ये त्या दोघींचे पालकांसाठी लिहिलेले पुस्तक आले. सांकेतिक भाषेचे जाणकार जोसेफ गार्सिया यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेतीलच खुणा शिशूंना शिकविण्याचा पुरस्कार केला. पुढे पुस्तके, चित्रफिती व शुल्क आकारून चालविलेले वर्ग यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला आणि मर्यादित निष्कर्षांची जागा ठाम आश्वासनांनी घेतली.

प्रायोगिक पुरावा : गुडविन, ॲक्रेडोलो व कॅथरीन ब्राउन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात वारंवार उद्धृत केला जातो. त्यात ११ महिने वयाच्या १०३ शिशूंचे तीन गट होते : पहिल्यातील पालकांनी खुणांचा वापर केला, दुसऱ्यातील पालकांनी वस्तूंची नावे बोलण्यावर भर दिला, तर तिसऱ्यास कोणतेच मार्गदर्शन दिले नाही. खुणांच्या गटातील मुले बोलण्यात मागे पडली नाहीत. काही टप्प्यांवर ती पुढे होती. परंतु ३० व ३६ महिन्यांच्या वयापर्यंत हे अधिक्य टिकून राहिले नाही. याच प्रयोगातील काही मुलांची आठव्या वर्षी बुद्धिमापन चाचणी घेतली असता खुणांच्या गटाची सरासरी ११४ व तुलनागटाची १०२ आल्याचे २००० मध्येच एका परिषदेत सांगण्यात आले. जाहिरातींतून या आकड्यांचा मोठा गाजावाजा झाला. तथापि मूळ प्रयोगातील सर्व मुले त्या चाचणीत नव्हती, हे लक्षात घ्यावयास हवे.

कॅनडातील जे. सी. जॉन्स्टन व इतर संशोधकांनी २००५ मध्ये अशा १७ अभ्यासांचे परीक्षण केले. लहान नमुने, तुलनागटांचा अभाव इ. दोषांमुळे खूणशिक्षणाने भाषाविकास वेगाने होतो असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही, असे त्यांचे मत पडले. इंग्लंडमधील हर्टफर्डशर विद्यापीठाच्या एलिझाबेथ कर्क व सहकाऱ्यांनी अधिक काटेकोर प्रयोग करून तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ४० शिशूंची वयाच्या ८ व्या महिन्यापासून २० व्या महिन्यापर्यंत पाहणी केली व गटांची विभागणी यदृच्छया केली. खुणा शिकलेल्या व न शिकलेल्या मुलांच्या भाषाविकासात फरक आढळला नाही. फरक आढळला तो मातांमध्ये. खुणा वापरणाऱ्या माता मुलाच्या मूक सूचनांना अधिक तत्परतेने प्रतिसाद देत आणि मूल स्वतंत्रपणे काही विचार करीत आहे, हे अधिक जाणत. खुणेचा खरा लाभ असा पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे : मुलाच्या हाताकडे लक्ष देणारी व्यक्ती त्याच्या चेहऱ्याकडे, नजरेकडे व मनाकडेही लक्ष देऊ लागते.

बोलणे लांबते काय : खुणांमुळे श्रवणक्षम मुलाचे बोलणे लांबल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. पेटिटो व सहकाऱ्यांच्या २००१ मधील अभ्यासात क्वेबेकची सांकेतिक भाषा व फ्रेंच या दोन्ही भाषांच्या सान्निध्यात जन्मापासून वाढणाऱ्या श्रवणक्षम मुलांनी भाषाविकासाचे टप्पे नेहमीच्या वयातच गाठले. घरगुती खुणांच्या बाबतीत तर शब्द येताच खूण आपोआप गळून पडते. कारण हात कामात असताना, दुसऱ्या खोलीतून वा अंधारातही शब्द वापरता येतो. रांगणे शिकलेले मूल चालण्याचा कंटाळा करीत नाही, तसेच हे आहे.

कर्णबधिर शिशू : खुणांमुळे वाचा खुंटते, या समजुतीचे सर्वांत गंभीर परिणाम कर्णबधिर मुलांना भोगावे लागले. मिलान येथे १८८० मध्ये भरलेल्या कर्णबधिर-शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने शाळांतून सांकेतिक भाषा वगळून केवळ मौखिक पद्धतीने शिकविण्याचा ठराव केला. त्याचा प्रभाव शंभराहून अधिक वर्षे टिकला. व्हँकूव्हर येथील २०१० च्या परिषदेत त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त करण्यात आला. भारतातही अनेक शाळांतून मुलांचे हात आवरून ओठ वाचण्यावर भर दिला गेला.

बहुसंख्य कर्णबधिर मुले श्रवणक्षम आईबापांच्या पोटी जन्मतात. ऐकू न येणारी बोली आणि घरात कोणासही न येणारी सांकेतिक भाषा, यांच्यामध्ये अशा मुलाची पहिली तीनचार वर्षे भाषेवाचून निघून जाण्याचा धोका असतो. ही हानी नंतर भरून निघणे कठीण असते. रेचेल मेबेरी व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविले, की बालपणी बोललेली वा सांकेतिक, कोणतीही एक भाषा मिळालेल्या कर्णबधिर व्यक्ती पुढे दुसरी भाषा चांगली शिकू शकतात. ज्यांना लहानपणी कोणतीच भाषा मिळाली नाही, त्यांना नंतर कोणतीही भाषा पूर्णत्वाने आत्मसात करणे फार अवघड जाते. श्रवणयंत्र व कर्णशंकूचे रोपण यांमुळे अनेक मुले उत्तम बोलू लागली आहेत. परंतु प्रत्येकास होणारा लाभ सारखा नसतो व तो आगाऊ सांगता येत नाही. रोपण झालेल्या मुलांना सांकेतिक भाषाही शिकवावी की नाही, याबाबत तज्ञांत मतभेद आहेत. असे असले, तरी कोणत्याही मार्गाने पण वेळेवर भाषा मिळाली पाहिजे, याविषयी दुमत नाही. येथे पाचपंचवीस सुट्या खुणा पुरेशा नाहीत. संपूर्ण भाषाच हवी.

भारतात या क्षेत्रातील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये मुंबईत (वांद्रे) स्थापन झाली. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये दिल्ली येथे सुरू झाले. त्याच्या शब्दकोशाच्या २०२१ मधील आवृत्तीत दहा हजार शब्द आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात संपर्कसाधनांमध्ये सांकेतिक भाषेचा समावेश आहे.

व्यवहारातील उपयोग : श्रवणक्षम मुलाशी खुणा वापरावयाच्या असल्यास सहा ते आठ महिन्यांच्या वयापासून तीनचार नित्योपयोगी अर्थ निवडावेत. खूण मुलाच्या दृष्टीसमोर, त्या त्या प्रसंगीच व प्रत्येक वेळी शब्द उच्चारूनच करावी. मुलाची खूण वेडीवाकडी असली तरी ती मान्य करावी. खूण केल्याशिवाय दूध वा खाऊ न देणे, पाहुण्यांसमोर खुणा करून दाखविण्यास भाग पाडणे, हे प्रकार टाळावेत. बोलणे, गाणी, गोष्टी यांत खंड पडू देऊ नये. ज्यांना हे सर्व करणे शक्य नसेल, त्यांच्या मुलाचे काही नुकसान होते असे नाही.

धोक्याच्या सूचना : खुणा चांगल्या करणारे मूल ऐकतही असेल, असे गृहीत धरू नये, खूण डोळ्यांनी शिकली जाते. कर्णबधिर शिशूही पहिल्या काही महिन्यांत हुंकार देते व आवाज काढते, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. श्रवणक्षम मुले सामान्यतः दहा महिन्यांपर्यंत स्पष्ट अक्षरे घोळवू लागतात, कर्णबधिर मुलांत मात्र ती अवस्था लांबते. एक वर्षापर्यंत अक्षरे घोळविणे किंवा बोटाने दाखविणे नसल्यास, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसल्यास, २४ महिन्यांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणे नसल्यास अथवा आलेले शब्द नाहीसे झाल्यास त्वरित श्रवणचाचणी व तज्ञांचा सल्ला घ्यावा. नवजात शिशूची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तीन महिन्यांत व उपाययोजना सहा महिन्यांच्या आत व्हावी, असा सर्वमान्य दंडक आहे. क्रिस्टीन योशिनागा-इटानो व सहकाऱ्यांच्या १९९८ मधील अभ्यासात सहा महिन्यांपूर्वी निदान झालेल्या कर्णबधिर मुलांची भाषा, उशिरा निदान झालेल्यांपेक्षा लक्षणीय प्रमाणात चांगली असल्याचे दिसून आले. ‘उशिराच बोलेल, याचे वडीलही उशिरा बोलले’ असे म्हणून थांबणाऱ्या घरात वाया जातात ते हेच महिने होत.