हार्मोनची गोळी थांबवताना

९ जुलै २००२ रोजी अमेरिकेत एक मोठी वैद्यकीय चाचणी अर्ध्यावरच थांबवल्याची घोषणा झाली. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रकल्पातल्या या चाचणीत ४० केंद्रांमधून १६,६०८ स्त्रियांनी भाग घेतला होता. रजोनिवृत्तीनंतर दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या हार्मोनच्या एकत्रित गोळीने हृदयविकार टळतो का, हे तपासायचं होतं. साडेआठ वर्षं चालायची ती चाचणी, धोके फायद्यांपेक्षा जास्त दिसल्याने, सरासरी ५.२ वर्षांवर आटोपती घेतली गेली. सहभागी स्त्रियांना पत्रं गेली : गोळ्या घेणं बंद करा. बातमी जगभर पसरली, आणि चाचणीशी काही संबंध नसलेल्या लाखो स्त्रियांनीही घाबरून आपापल्या गोळ्या सोडल्या.

गोळी का सोडायची, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. ती कशी सोडायची आणि सोडल्यावर शरीरात काय होईल, यावर मात्र तोवर फारसं संशोधनच झालेलं नव्हतं. पुढच्या काही आठवड्यांत अनेकींना पुन्हा अंगातून वाफा येऊ लागल्या, रात्रीची झोप उडाली. आपलंच काहीतरी बिघडलंय, असं अनेकींना वाटलं असणार. खरं तर उपचार थांबवणं हाही उपचाराचाच एक टप्पा आहे. सुरू करताना जेवढा विचार करतो, तेवढाच तो थांबवतानाही करायला हवा. आज यासंबंधी बरंच काही ठाऊक झालं आहे आणि ते प्रत्येक स्त्रीपर्यंत पोचायला हवं.

वाफ येते म्हणजे काय होतं?

आधी छातीत धडधडतं. मग छातीतून मानेवर, मानेवरून चेहऱ्यावर उष्णतेची लाट चढते. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हाताची बोटं गरम होतात. कपाळ, मान, पाठ घामाने डबडबते, ब्लाउज अंगाला चिकटतो. काही मिनिटांत लाट ओसरते आणि घाम वाळताना थंडी वाजून अंगावर शहारा येतो. रात्री हेच झालं की पांघरूण फेकायचं, पुन्हा ओढायचं, आणि सकाळी न झोपल्यासारखं उठायचं.

याची सुरुवात मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात होते. शरीराचं तापमान एका ठरावीक पट्ट्यात ठेवण्याचं काम त्याच्याकडे आहे. पट्ट्याच्या वर गेलं की घाम, खाली गेलं की थंडी. एरवी या पट्ट्यात काही दशांश अंशांचा चढउतार खपून जातो. वाफांचा त्रास असलेल्या स्त्रियांमध्ये हा पट्टा जवळजवळ शून्यावर येतो, असं डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातले रॉबर्ट फ्रीडमन यांनी दाखवलं. म्हणजे चहाचा एक कप, स्वयंपाकघरातली धग किंवा मनावरचा थोडा ताणही पुरतो आणि शरीर जणू भट्टीजवळ उभं असल्यासारखं घाम गाळू लागतं.

पट्टा आक्रसतो कशामुळे? अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या नाओमी रान्स यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये एक गोष्ट हेरली. रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांच्या हायपोथॅलॅमसमधल्या काही विशिष्ट चेतापेशी आकाराने मोठ्या झालेल्या होत्या. या पेशींना एरवी इस्ट्रोजेन आवरून धरतं. ते घटलं की त्या अतिउत्तेजित होतात आणि न्यूरोकायनिन-बी नावाच्या रसायनामार्फत तापमान सांभाळणाऱ्या केंद्राला चुकीचे इशारे देत राहतात. बाहेरून इस्ट्रोजेन दिलं की पेशी शांत होतात, आणि ते काढून घेतलं की पुन्हा खवळतात. त्यामुळे गोळी बंद केल्यावर वाफा परतल्या, तर त्यात त्या बाईच्या मनाचा कमकुवतपणा नसतो. मेंदूतल्या मोजक्या पेशी पुन्हा एकदा नव्या परिस्थितीला सरावत असतात, एवढंच.

त्या चाचणीच्या अहवालात नेमकं काय होतं?

२००२ची आकडेवारी शांतपणे वाचण्यासारखी आहे. वर्षभर एकत्रित गोळी घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाचे ८, पक्षाघाताचे ८, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे ८ आणि हृदयविकाराचे ७ रुग्ण जास्त आढळले. त्याच गटात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ६ आणि खुब्याच्या हाडाच्या फ्रॅक्चरचे ५ रुग्ण कमी होते. धोका खरा होता, पण बातम्यांच्या मथळ्यांनी भासवला तेवढा मोठा नव्हता. शिवाय चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. म्हणजे अनेकींची पाळी जाऊन दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. पन्नाशीच्या आसपास, पाळी गेल्यावर लवकर उपचार सुरू करणाऱ्यांसाठी नफा-तोट्याचं गणित वेगळं असतं, हे पुढच्या विश्लेषणातून दिसलं. याच प्रकल्पातल्या दुसऱ्या चाचणीत, गर्भाशय काढलेल्या आणि फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग वाढलाच नाही. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८ वर्षांच्या पाठपुराव्यात हार्मोन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या स्त्रियांच्या एकूण मृत्यूदरात फरक आढळला नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचे बरेचसे ठळक इशारे काढण्याची घोषणा केली.

म्हणून कर्करोगाची भीती खोटी होती, असं मात्र नाही. २०१९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणानुसार, पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं रोज एकत्रित उपचार घेतले, तर पुढच्या वीस वर्षांत दर ५० स्त्रियांमागे एकीला जादा स्तनाचा कर्करोग होतो. उपचार थांबवल्यावर हा धोका घटतो, तरी काही अंशी दहा वर्षांहून जास्त काळ टिकतो. म्हणून हार्मोन घ्यायचे की नाही, किती काळ घ्यायचे आणि कधी थांबवायचे, याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही.

एकदम की हळूहळू?

चाचणी थांबल्यावर आठ ते बारा महिन्यांनी त्यातल्या स्त्रियांना प्रश्नावली पाठवून काय त्रास होतोय, हे विचारलं गेलं. ८,४०५ जणींनी उत्तरं दिली. खरं औषध घेतलेल्यांपैकी २१.२ टक्के स्त्रियांना गोळी सोडल्यावर मध्यम किंवा तीव्र वाफांचा त्रास झाला. तुलनेसाठी औषध नसलेली गोळी घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ४.८ टक्के होतं. ज्यांना उपचारांपूर्वीच वाफांचा त्रास होता आणि ज्यांनी खरं औषध घेतलं होतं, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणींना तो पुन्हा सुरू झाला. पण हेच आकडे उलट बाजूनेही वाचता येतात : अनेकींना गोळी सोडल्यावर फारसं काही झालं नाही.

मग डोस हळूहळू उतरवला तर? ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार, हळूहळू कमी केल्याने सुरुवातीच्या काळात त्रास कमी जाणवू शकतो, पण दीर्घकाळात दोन्ही पद्धतींत फरक पडत नाही. त्यामुळे ही निवड ज्या त्या बाईने आपल्या डॉक्टरांशी बोलून करायची आहे. ज्यांना पूर्वी तीव्र वाफा येत असत, त्यांनी काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने मात्रा उतरवणं सुसह्य ठरतं. बाहेरच्या उष्म्याने वाफा चाळवतात, म्हणून विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांनी ऐन मार्च-एप्रिलमध्ये सुरुवात करण्यापेक्षा दिवाळीनंतरचे दिवस निवडावेत. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी आढळली असेल, तर मात्र वाट पाहायची सोय नसते. तिथे डॉक्टर सांगतील तेव्हा तत्काळ थांबवायचं.

दोन गोष्टी आपल्या मनाने कधीच करू नयेत. गर्भाशय शाबूत असताना प्रोजेस्टिन बंद करून नुसतं इस्ट्रोजेन चालू ठेवू नये. त्याने गर्भाशयाचं अस्तर वाढून कर्करोगाचा धोका निर्माण होतो, हे १९७५पासून माहीत आहे. आणि त्वचेवर चिकटवायचा हार्मोनचा पॅच कात्रीने कापून लावू नये. काही पॅचची रचना अशी असते की कापल्यावर औषध बाहेर पडण्याचा वेगच बिघडतो. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर कधीही रक्तस्राव झाला, तर लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं.

चाळिशीच्या आत पाळी गेलेल्या किंवा अंडाशय काढलेल्या स्त्रियांची बाब निराळी आहे. त्यांना सर्वसाधारण रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला असतो, कारण इतक्या लवकर इस्ट्रोजेन हरवल्याने हाडं आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. २००२च्या बातम्या ऐकून त्यांनी औषध सोडणं चुकीचं ठरेल.

काय ओसरतं, काय राहतं

वाफा काळानुसार कमी होतात, पण तो काळ समजतो त्यापेक्षा मोठा असतो. अमेरिकेतल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासात वाफांचा मध्यक कालावधी ७.४ वर्षं निघाला. पाळी अनियमित होण्याच्या सुरुवातीलाच ज्यांना वाफा सुरू झाल्या, त्यांच्यात तो ११ वर्षांच्याही पुढे गेला. ‘वर्षभर सोस, मग जाईल’ असं घरात सहज म्हटलं जातं, ते म्हणून अनेकींच्या बाबतीत खरं ठरत नाही.

योनिमार्गाचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी होणाऱ्या वेदना, लघवीला जळजळ, वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग हा त्रास मात्र आपोआप ओसरत नाही. उलट उपचार न केल्यास वाढतो. आपल्याकडे बायका त्याबद्दल डॉक्टरांपाशीही बोलत नाहीत. योनिमार्गात लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम रक्तात फारच थोडं शोषलं जातं, त्यामुळे गोळी किंवा पॅच बंद केल्यावरही ते बहुतेकींना वापरता येतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारावं.

हाडांचं नुकसान कुणाला जाणवत नाही, म्हणून ते अधिक घातक. हार्मोन थांबल्यावर हाडांची घनता पुन्हा वेगाने घटू लागते आणि उपचारांनी मिळालेलं संरक्षण टिकत नाही. गोळी थांबवण्याच्या सुमारास हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसं मिळतंय का ते पाहावं, चालणं आणि वजन उचलण्याचे व्यायाम सोडू नयेत. हाडं आधीच ठिसूळ असतील, तर त्यासाठीचं वेगळं औषध वेळेत सुरू करावं.

हार्मोनशिवाय काय करता येतं?

वाफांवर औषध नसलेली गोळी दिली, तरी त्या निम्म्याहून अधिक कमी होतात, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात आढळलं आहे. ‘मला अमुक काढ्याने गुण आला’ या अनुभवावर विसंबता येत नाही, ते यामुळेच. सोयाबीनचे अर्क, ब्लॅक कोहोश यांसारखी पूरकं चाचण्यांत खात्रीने उतरलेली नाहीत. ब्लॅक कोहोशमुळे क्वचित यकृताला इजा झाल्याचीही नोंद आहे. योगासनं आणि व्यायाम झोप, मन, हाडं, हृदय यांसाठी मोलाचे आहेत, ते जरूर करावेत, पण वाफा थांबवण्याचा खात्रीचा उपाय म्हणून त्यांच्याकडे पाहू नये.

ज्यांचा उपयोग सिद्ध झाला आहे, अशा काही गोष्टी आहेत. नैराश्यावरच्या काही औषधांची कमी मात्रा वाफा कमी करते. पॅरॉक्सेटिनला २०१३मध्ये अमेरिकेत याच कारणासाठी मंजुरी मिळाली. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी मात्र पॅरॉक्सेटिन टाळायला हवं, कारण त्याने टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटू शकतो. रात्रीच्या घामासाठी गॅबापेन्टिन उपयोगी पडतं. खवळलेल्या चेतापेशींचे इशारे थेट अडवणारं फेझोलिनेटंट २०२३मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. यकृतावर परिणाम होऊ शकतो म्हणून त्यासोबत रक्ततपासण्या कराव्या लागतात.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या मायरा हंटर यांनी बोधनिष्ठ वर्तनोपचार वाफांसाठी वापरून पाहिले. बसमध्ये, सभेत, पंगतीत वाढताना घाम फुटला की मनात येतं, ‘सगळे माझ्याकडेच बघताहेत.’ हा विचार वाफेचा जाच वाढवतो. मंद, खोल श्वास घेत तिथे दुसरा विचार रुजवायचा : ‘ही दोन मिनिटांत जाईल, आणि बहुतेकांच्या ध्यानातही आलेलं नाही.’ काही आठवड्यांच्या अशा सरावाने वाफांचा जाच आणि झोपमोड कमी झाल्याचं त्यांच्या चाचण्यांत दिसलं. यासाठी महागडं औषध लागत नाही. ते शिकवणारं माणूस आणि ऐकून घेणारं घर मात्र लागतं.

गोळी न घेताही थांबलेलं इस्ट्रोजेन

महाराष्ट्रात या विषयाला एक दुखरी बाजू आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९मध्ये चौकशी झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पिशवी काढताना अंडाशय ठेवले, तर पाळी थांबते पण हार्मोन चालू राहतात, जरी रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते. अंडाशयही काढले, तर शरीरातलं इस्ट्रोजेन काही दिवसांतच आटतं. २००२मध्ये अमेरिकेतल्या बायकांची निदान गोळी बंद झाली होती. इथे अंडाशयही काढलेल्या तिशी-पस्तिशीतल्या बाईचं स्वतःचं इस्ट्रोजेन थांबतं आणि ती पुन्हा कोयता हातात घेऊन उसाच्या फडात उन्हात उभी राहते. वाफा, कंबरदुखी, झोप न लागणं यांचं कारण तिला कुणी सांगत नाही, आणि तिच्या हाडांची तपासणी तर दूरच राहते.

ज्या कागदावर हार्मोन लिहून दिले जातात, त्याच कागदावर ते किती काळ घ्यायचे, कसे थांबवायचे आणि थांबवल्यावर कधी दाखवायला यायचं, हेही लिहिलेलं असायला हवं. शस्त्रक्रियेनंतर घरी पाठवताना दिल्या जाणाऱ्या कागदावर अंडाशय काढले की ठेवले, हे बाईला समजेल अशा मराठीत नोंदलेलं असायला हवं, आणि काढले असतील तर पुढच्या उपचारांची तारीखही. यासाठी नव्या शोधाची वाट पाहायला नको. माहिती आपल्या हाती आहे. आपापल्या डॉक्टरांकडे ती हक्काने मागण्याचं काम प्रत्येकीचं आहे, आणि जी मागू शकत नाही, तिच्यापर्यंत ती पोचवण्याचं काम आरोग्यव्यवस्थेचं.