लुटणे : इंग्रजीने नेलेला अर्धा शब्द



इंग्रजीत ‘लूट’ असे एक क्रियापद आहे. कोठे दंगल माजून दुकाने फुटली, की इंग्रजी वृत्तपत्रांत ते हटकून भेटते. उच्चार आपला, अर्थही आपलाच. इंग्रजांनी येथून काय काय नेले याची यादी केली, तर त्या नेण्याचे नावही तीत लिहावे लागेल!

इंग्रजांपाशी असा शब्द नव्हता काय? ‘प्लंडर’ होता, पण तोही उसना, सतराव्या शतकात जर्मनीतील तीस वर्षांच्या युद्धाच्या वेळी आलेला. असले शब्द बहुधा फौजांबरोबरच प्रवास करतात. हिंदुस्थानी शब्दांच्या १७८८ च्या एका इंग्रजी संग्रहात ‘लूट’ आढळतो. त्याच वर्षी वॉरन हेस्टिंग्जवरील खटला पार्लमेंटापुढे सुरू झाला. पुढे चीनचे युद्ध, क्रिमियाचे युद्ध आणि १८५७ चा उठाव यांच्या काळात हा शब्द विलायतेत रुळला. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाने त्याचे मूळ संस्कृत ‘लुप्’ धातूत शोधले. १९०३ च्या सुधारलेल्या आवृत्तीत ‘लुण्ट्’ हा धातू अधिक योग्य ठरविला गेला.

या शब्दाचा एक सोबती आपल्या जिल्ह्याशी नाते सांगतो. १८५३ ते १८५७ या काळात नळदुर्गास मेडोज टेलर हा कंपनीचा अधिकारी होता. त्याच्या १८३९ च्या कादंबरीने ‘ठग’ हा शब्द इंग्रज वाचकांच्या तोंडी बसविला. लूट, ठग, डकैत! राज्य करणाऱ्यास आपल्या भाषांतून नेमके हेच शब्द वेचावेसे वाटले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

पण ‘लुटणे’ म्हणजे केवळ हिसकावणे नव्हे. दसऱ्याच्या पहाटे तुळजापुरास देवीचे सीमोल्लंघन होते आणि गावोगाव आपण आपट्याचे सोने लुटतो. ते कोणाच्या घरातून ओरबाडलेले नसते, हाती देऊन पाया पडायचे असते. संक्रांतीस आयाबहिणी वाण लुटतात, म्हणजे चक्क वाटतात. जत्रेत आपण आनंद लुटतो, आणि त्याने कोणाचा आनंद उणा होत नाही.

इंग्रजीत या शब्दाची हिसकावणारी बाजू तेवढी गेली. देणारी बाजू घरीच राहिली. पण आज आपल्याही वर्तमानपत्रांत ‘लूट’ दिसते ती बहुतेक पहिल्याच अर्थाने. परक्याने अर्धा शब्द नेला, त्याला इलाज नाही. उरलेला अर्धा मात्र आपल्याच हातून हरवू नये, एवढे आपण पाहावे.